राजीनामा मंजूर

जहांगीर वस्तादांनी कुणाकुणाची हाडं मोडली ते मला बऱ्यापैकी सांगता येईल, कारण मोडलेली हाडं बसवायचेही तेच, आणि हा कार्यक्रम त्यांच्या ओट्यावर चालायचा. मी शेजारी. सकाळी राखुंडी घेऊन मधल्या भिंतीवर बसलो की उजव्या हाताला वस्तादांचा ओटा, समोर गल्लीपलीकडं तालमीचा दरवाजा. उस्मानपुऱ्यात एवढी मोक्याची जागा कलेक्टरलाही मिळाली नसती.

वस्ताद तेव्हा साठीला टेकलेले. मान अशी नाहीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. दोन्ही कान भज्यासारखे फुगलेले. त्यातला डावा जरा जास्त, कारण गौहरभाभी डावीकडून बोलतात, असं मी म्हणायचो आणि भाभी आतून लाटणं दाखवायच्या. हा माणूस तालमीतल्या मातीच्या हौद्यात उतरला की समोरच्याच्या बरगड्या वाजायच्या. पण घरात कोंबडी कापायची म्हटली की शौकत खाटकाला हाक जायची. वस्तादांच्यानं व्हायचं नाही. हौद्याबाहेर त्यांनी कुणावर बोट उगारल्याचं मला आठवत नाही. हौद्यात मात्र त्यांचा कायदा होता. पहाटे मातीत पहिलं फावडं वस्तादानं मारायचं. दुसऱ्या कुणी ते फावडं उचललं तर तो वस्तादाला ललकारतोय, असं समजायचं. तीस वर्षांत कुणी उचललं नव्हतं.

तालमीचं संचालक मंडळ चार जणांचं. सगळे बिनपगारी, आणि बिनपगारी माणसाला दुसऱ्याचं ऐकायची सक्ती नसते. अध्यक्ष बद्रीनाथ: चितेगावला शेती, इथं घर, आणि हात असे की नारळ फोडायला दगड लागू नये. उपाध्यक्ष फकिरा टांगेवाला. खरं तर उपाध्यक्ष असं पदच नव्हतं. पण बद्रीनाथ अध्यक्ष झाल्यावर फकिरा खाली बसेना, म्हणून ते काढावं लागलं. तिसरे आपले वस्ताद. आणि चौथे तात्यासाहेब, चिटणीस.

तात्यासाहेब पुण्याकडचे. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षी इथल्या एका कचेरीत बदलून आले. तालीम सरकारदरबारी नोंदवायची होती, त्यासाठी मराठीत ठराव लिहिणारा माणूस पाहिजे होता. आमच्यातले शिकलेले सगळे पोलीस ॲक्शनच्या आधीचे, निजामाच्या शाळेतले. उर्दू फाडफाड, बाळबोध लिपी मात्र बोट ठेवून वाचायची. बद्रीनाथ ठरावावर सही करायचा तीही उर्दूत, मोठी झोकदार, आणि वर काय लिहिलंय ते न बघता.

आधी मंडळाचं कामकाज सोपं होतं. हौद्याच्या काठावर बसायचं, सगळ्यांनी एकदम बोलायचं, ज्याचा आवाज मोठा त्याचा ठराव पास. आवाज सारखे निघाले तर हातांनी ठरायचं. तात्यासाहेबांनी नवी रीत आणली. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग हात वर करून मत द्यायचं. त्यांनी दारावर पहिली नोटीस लावली, ‘रविवारी सकाळी सात वाजता बैठक’, तर फकिरा लंगोट लावून आला. किती काढायच्या म्हणून विचारत होता. मत द्यायला त्यानं हात वर केला तेव्हा बद्रीनाथनं सवयीनं त्याचं मनगट धरलं आणि दोघं हौद्यात गेले. तात्यासाहेबांनी वहीत लिहिलं, ‘चर्चा झाली.’

त्या उन्हाळ्यात विषय निघाला मातीचा. हौद्यात नवी माती टाकायची होती. बद्रीनाथ म्हणाला, माझ्या चितेगावच्या शेतातून आणतो. फकिराला खाम नदीच्या काठची पाहिजे होती. चितेगावच्या मातीत गारगोट्या आहेत, मागच्या खेपेला पाठ सोलून निघाली, असं तो म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर चाललं असतं.

"तुझ्या रानात कुसळ उगवत नाय," तो म्हणाला, "तिथं पैलवान काय उगवणारंय?"

बद्रीनाथच्या हाताशी व्यायामाचा लाकडी मुद्गल होता. त्यानं तो बसल्या जागेवरून फिरवला. फकिराचा खांदा निखळून हात दोरीला बांधल्यासारखा लोंबला. पण फकिरा पडला तो पुढं पडला, बद्रीनाथच्या अंगावर, आणि हात चालेना म्हणून दातांनी चालला. बद्रीनाथची किंकाळी मला भिंतीवर ऐकू आली. फकिरा बाजूला झाला तेव्हा बद्रीनाथच्या कानाची पाळी त्याच्या तोंडात होती. ती त्यानं मातीत थुंकली, तोंड पुसलं आणि तात्यासाहेबांना सांगितलं, "लिवा, हे एक मत नदीच्या बाजूनं."

तात्यासाहेबांची दौत केव्हाच कलंडली होती. पुढं वस्ताद आले, त्यांनी दोघांची मानगुटं धरून डोकी एकमेकांवर आपटली आणि दोघांना ओढत ओट्यावर आणलं. एकाचा खांदा बसवला, दुसऱ्याच्या कानात हळद भरली. खांदा बसवताना फकिरा शिव्या देत होता त्या बद्रीनाथला, आणि बद्रीनाथ त्यातल्या काही दुरुस्त करत होता.

पण ते तिथं मिटलं नाही. पुढचा महिनाभर फकिरा तालमीत चाबूक घेऊन यायचा. बद्रीनाथच्या बैलगाडीत पेंढ्याखाली कुऱ्हाड असायची. पठ्ठ्यांचे दोन तट पडले. एके दिवशी भर दुपारी पैठण दरवाजापाशी दोन्हीकडचे समोरासमोर आले आणि सायकलींच्या साखळ्या निघाल्या. सहा जणांची डोकी फुटली. एकाचा डोळा कायमचा गेला. फौजदार तालमीत आला तो कुलूप हातात घेऊनच. जुन्या अंमलातला माणूस, त्यानं वस्तादांना बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं: आठ दिवसांत राजीनामा आणून द्या, नाहीतर हे कुलूप लावतो आणि किल्ली विहिरीत टाकतो.

वस्ताद त्या आठवड्यात जेवले नाहीत म्हणा. तालीम बंद होणं म्हणजे त्यांच्यासाठी काय ते आम्ही शेजारी जाणून होतो. त्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं. बाजारात पाठवलं तर भाजी विसरून येणार, लग्नात नेलं तर नवरदेवाचे खांदे चाचपून बघणार. ते रोज बद्रीनाथकडं जायचे, मग फकिराकडं. पाया पडले, शिव्या दिल्या, भाभींची शपथ घातली. शेवटी ठरलं: एक गाडी माती चितेगावची, एक नदीची, आणि दोन्ही मळायची वस्तादांनी. वस्तादांनी ते उर्दूत लिहून काढलं, खाली दोघांच्या सह्या घेतल्या, एक प्रत फौजदाराला दिली आणि दुसरी घेऊन रविवारी मंडळापुढं बसले.

तात्यासाहेबांनी कागद उलटसुलट करून बघितला. त्यांना उर्दूचा एक नुक्ता कळत नव्हता.

"हे काय आहे, वस्ताद?"

"राजीनामा. फौजदारसाहेबांनी मागितला ना."

तात्यासाहेबांनी टाक खाली ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "आपण नीट विचार केलात ना?"

"आठ रोज केला. झोप नाय, जेवण नाय."

"दुसरा काही मार्गच नव्हता?"

"असता तर मी केला नसता का? तालीम वाचवायची तर हे एकच."

"कारण काय लिहू?"

"लिवा, रोजच्या मारामारीला कंटाळून."

तात्यासाहेबांनी चष्मा काढून पुसला. बद्रीनाथ आणि फकिराला विचारलं, आपल्याला मंजूर आहे का. दोघांनी मंजूर म्हणून हात वर केले आणि त्या दिवशी कुणी कुणाचं मनगट धरलं नाही. तात्यासाहेबांनी वहीत लिहिलं, ‘वस्ताद जहांगीर यांचा राजीनामा सर्वानुमते मंजूर.’ आणि उठून वाकून वस्तादांच्या पायांना हात लावला. वस्ताद लाजून लाल झाले. परमुलखातला माणूस, पण तालमीची केवढी कळकळ, असं त्यांनी मला घरी येताना सांगितलं. संध्याकाळी गल्लीत जिलेबी वाटली.

आता माझं सांगतो, कारण न सांगून चालणार नाही. तिसऱ्या दिवशी तात्यासाहेब भिंतीपाशी थांबले आणि वस्तादांच्या घरी सगळं कसं आहे म्हणून विचारू लागले. मी म्हटलं, मजेत, जिलेबी वाटली. ते मान हलवत म्हणाले, केवढ्या मनाचा माणूस, पद सोडताना जिलेबी वाटतो.

माझ्या तोंडातलं राखुंडीचं बोट तोंडातच राहिलं. पद सोडताना! मग डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडं राजीनामा म्हणजे दोघांच्या राजीखुशीनं लिहिलेला समेट. नोकरी सोडायची तर माणूस इस्तिफा देतो. आणि पुण्याकडं म्हणे नोकरी सोडण्यालाच राजीनामा म्हणतात. मी तिथल्या तिथं बोलायला पाहिजे होतं. गल्लीत कुणाच्या चुलीवर काय करपलं ते न विचारता सांगणारा मी, नेमकी ही एक गोष्ट पोटात ठेवली. म्हटलं, पुढच्या रविवारी भर मंडळात उघडी पडू दे, तात्यासाहेबांचा चेहरा बघू, महिनाभर पुरेल. चिटणिसांनी रिकामी जागा भरायचं पत्र लिहिलंय, बद्रीनाथनं त्यावर न वाचता सही केलीय, आणि पाचोडला चांगला मल्ल कोण असं फकिराला सहज विचारून रामकिसनचं नाव काढलंय, यातलं मला काहीएक ठाऊक नव्हतं. फकिराची सासुरवाडी पाचोडची. कशाला विचारतात हे त्यानं विचारलं नाही. त्यानं आपलं कौतुकानं सांगितलं.

तो रविवार उजाडायच्या आतच, शनिवारी पहिल्या गाडीनं, रामकिसन आला. तिशीच्या आतला, दरवाजात वाकावं लागेल एवढा उंच, काखेत वळकटी. दारात थांबून त्यानं उंबऱ्याला हात लावला, आत गेला, हौद्याला नमस्कार केला, माती कपाळाला लावली. चांगल्या घरचं वळण. मग त्यानं कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि माती उकरायला लागला.

वस्ताद नमाज आटपून आले ते सरळ आत गेले. दरवाजा सताड उघडा होता. त्यांनी विचारलं, बेटा, कुणाचा पठ्ठा तू?

"कुणाचा नाय," रामकिसन म्हणाला. "मी हितला नवा वस्ताद. कागद हाय माझ्याकडं."

"हितला वस्ताद मी."

"तुमी राजीनामा दिला म्हणं."

"दिला ना. म्हणून तर हौदा चालू हाय."

रामकिसनला वाटलं असणार, म्हातारा भ्रमिष्ट आहे. त्यानं फावडं खाली ठेवलं, जवळ गेला आणि वस्तादांचा दंड धरला. "चला बाबा," तो म्हणाला, "तुमाला घरी सोडतो."

हौद्यात, वस्तादांच्या अंगावर, फावडं उचललेल्या माणसाचा हात. मी भिंतीवरून ओरडेपर्यंत होऊन गेलं. वस्तादांनी ते मनगट फिरवलं, कोपर आपल्या छातीशी अडकवलं आणि अंगाचा भार टाकला. ऊस मोडावा तसा आवाज आला. हात मोडल्यावर कुस्ती संपते, सगळ्या जगात संपते. वस्ताद थांबले नाहीत. त्यांनी त्याला तसाच उचलून आपटला, वर बसले, गुडघा छातीवर रोवला आणि मुठीनं त्याच्या तोंडात माती कोंबायला लागले. शिवी नाही, शब्द नाही, नुसता भात्यासारखा श्वास. रामकिसनचे पाय मातीत घासत होते. ज्या माणसाला कोंबडी कापवत नाही त्याचा तो चेहरा मी अजून विसरलो नाही.

मी भिंतीवरून उडी टाकली, पण माझ्या आधी बद्रीनाथ पोचला. हा कोण म्हणून त्यानं विचारलं, कुणीतरी म्हणालं पाचोडचा, नवा वस्ताद म्हणून आलाय. झालं. पाचोड म्हणजे फकिराची सासुरवाडी. समेट करून पाठीत सुरा घातला, असा त्यानं अर्थ लावला. फकिरा त्याच वेळी टांग्यातून उतरत होता, एक पाय जमिनीवर, एक पायरीवर. बद्रीनाथनं मुद्गल त्याच्या गुडघ्यावर घातला. फकिरा पडता पडता चाबूक ओढून गेला, त्यानं बद्रीनाथचा गाल डोळ्यापासून हनुवटीपर्यंत फाटला. घोडा उधळला आणि रिकाम्या टांग्यासकट पीरबाजारात शिरला.

एवढ्यात तात्यासाहेब आले. नव्या वस्तादाच्या स्वागताला. एका हातात हार, दुसऱ्या हातात ठरावांची वही. ती वही बघून बद्रीनाथला काय वाटलं देव जाणे, त्यानं फकिराला सोडलं आणि चिटणिसांचा गळा धरून त्यांना दाराच्या चौकटीवर चेपलं. तात्यासाहेबांचे पाय जमिनीवरून उचलले. डोळे पांढरे व्हायला आले तरी माणूस वही फडकवत होता. "सर्वानुमते," ते घरघरले, "सर्वानुमते मंजूर."

मी बद्रीनाथच्या दंडाला लोंबकळलो आणि सांगून टाकलं. आपला राजीनामा म्हणजे समेट, ह्यांचा राजीनामा म्हणजे चाकरी सोडणं. ह्यांना वाटलं वस्ताद तालीम सोडतायत. तुम्ही सगळ्यांनी मंजूर म्हटलं आणि ह्यांनी लिहिलं. बद्रीनाथला कळायला वेळ लागला. मग त्याची बोटं एकेक करून सुटली. तात्यासाहेब भिंतीला टेकून खाली घसरले.

हौद्यात वस्तादांनी ऐकलं होतं. मुठीत माती तशीच होती.

"मग हा कोण?" त्यांनी विचारलं.

"तात्यासाहेबांनी बोलावलेला," मी म्हटलं. "त्याला कागद गेला, तो आला. त्याचं काय चुकलं नाही."

वस्ताद छातीवरून उतरले. रामकिसनचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं आणि तान्ह्या पोराच्या तोंडातून काढावी तशी बोट घालून माती काढली. निळा पडलेला तो पोरगा खोकायला लागला तेव्हा वस्तादांनी डोळे मिटले.

हात दोन ठिकाणी मोडला होता. ओट्यावर गौहरभाभींनी रामकिसनचं डोकं धरलं, मी पाय धरले, दातांत चामड्याचा पट्टा दिला. तो त्यानं चावून तोडला. आतापर्यंत शेकडो हाडं बसवलेले वस्तादांचे हात आज घाई करत होते आणि भाभी सारखं म्हणत होत्या, आहिस्ते. वरचं हाड बसलं. कोपर बसलं ते वाकडंच. हा हात आता सरळ होणार नाही, हे रामकिसनला सगळ्यांच्या आधी समजलं. कुस्ती संपली होती. त्याच्या वळकटीत नवा लंगोट होता, घडीसुद्धा मोडली नव्हती. तीन महिने तो वस्तादांच्या घरी राहिला.

पंधरा दिवसांनी मंडळ बसलं ते वस्तादांच्या ओट्यावर, कारण फकिराला चालता येत नव्हतं. बद्रीनाथचा एक डोळा बंद, तात्यासाहेबांच्या गळ्याला फडकं. त्यांनी घोगऱ्या आवाजात आपला ठराव वाचला, ‘वस्ताद जहांगीर यांचा राजीनामा रद्द.’

बद्रीनाथनं फकिराकडं बघितलं. फकिरानं कुबडी हातात घेतली. समेट रद्द म्हटल्यावर दोघांनाही मोकळीक मिळाली होती. मी मध्ये पडून हा ह्यांचा राजीनामा, आपला नव्हे, असं समजावलं, तेव्हा कुबडी खाली गेली. तात्यासाहेबांनी कपाळाला हात लावला आणि ठराव खोडायला घेतला.

"रद्द नका करू," वस्ताद म्हणाले. "राहू द्या तसाच."

तात्यासाहेबांनी विचारलं, कुठल्या अर्थानं?

"दोन्ही."

रामकिसन आतल्या खाटेवरून म्हणाला की वस्ताद, असं करू नका, मी गावाला जातो. वस्तादांनी त्याला हातानं गप्प केलं.

"मी माणसाच्या तोंडात हौद्याची माती घातली," ते म्हणाले. "हात मोडला ते एक वेळ ठीक. माती घालायची नव्हती. आता मी तिथं उभा राहून पठ्ठ्यांना काय शिकवू? ह्याला बोलावलं, हा आला, ह्यालाच ठेवा. वस्तादाला डोळा पाहिजे. हात पठ्ठ्यांना असतात."

बद्रीनाथ रडला. फकिरानं तोंड फिरवलं. समजूत घालायला कुणी काही म्हणायच्या आत गौहरभाभी आतून बोलल्या, "अरे चिटनीस, इनकू सुबे सुबे घर में बिठा रै, मेरा क्या होना सो? वो बी लिखो उसमें."

तात्यासाहेबांनी ते लिहिलं नाही. बाकीचं लिहिलं, दोन्ही अर्थ कंसात देऊन, आणि सही करण्याआधी बद्रीनाथला दोनदा वाचून दाखवलं.

वाकड्या हाताचा रामकिसन तालमीचा वस्ताद झाला. पहिले काही दिवस पठ्ठे त्याच्या हाताकडं बघून हसायचे. मग एकाला त्यानं नुसत्या डोक्यानं हौद्याबाहेर फेकला, तेव्हापासून हसायचे बंद झाले. वस्ताद तालमीत गेले नाहीत. ओट्यावर बसायचे, पहाटे फावड्याचा आवाज आला की मान हलवायचे, कधी नाक मुरडायचे. मी खोड काढायला विचारायचो, काय वस्ताद, नवा वस्ताद खोल मारत नाही वाटतं.

पुढच्या वर्षी आषाढात बद्रीनाथ आणि फकिरा पुन्हा भिडले. विषय तालमीतल्या कडुलिंबाची फांदी तोडण्याचा. या वेळी कुऱ्हाड तालमीतच होती, फांदीसाठी आणलेली, आणि ती बद्रीनाथच्या हातात आली. पठ्ठे वस्तादांना बोलवायला धावत आले. ते अनवाणी गेले, मी मागून. उंबऱ्यापाशी ते थांबले. आत फकिराच्या खांद्यातून रक्त उडत होतं आणि कुऱ्हाड दुसऱ्यांदा वर गेली होती. वस्तादांनी दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरली.

रामकिसन चांगला हात वर धरून कुऱ्हाडीच्या दांड्याखाली शिरला, वाकडं कोपर बद्रीनाथच्या गळ्यात अडकवलं आणि त्याला पाठीवर पाडला. ते कोपर वाकडं होतं म्हणूनच आकड्यासारखं बसलं. फकिरा वर उठायला लागला तर त्याच्या छातीवर पाय ठेवला. मग दोघांना सांगितलं की फांदी राहील, आणि ज्याला राहू द्यायची नसेल त्यानं आधी माझ्याशी बोलावं. एकेकानं बोलावं. बद्रीनाथनं कुऱ्हाडीचा दांडा सोडला.

वस्तादांनी चौकट सोडली. आत न जाता वळले. घरी भाभींनी विचारलं, कोण जिंकलं?

"रामकिसन," ते म्हणाले, आणि चहा मागितला.